जबड्याच्या सांध्याचा एमआरआय: कधी सांगावा, कसा काढावा आणि कसा वाचावा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले की बोटाखाली जे हाड सरकताना जाणवते, ते खालच्या जबड्याचे वरचे टोक, म्हणजे कॉन्डाईल होय. कवटीच्या टेम्पोरल हाडातील खोबणीत ते बसते आणि या दोन हाडांच्या मध्ये तंतुमय ऊतींची एक चकती असते. या सांध्याच्या अनेक तक्रारींचे मूळ याच चकतीत असते, पण ओपीजीमध्ये (दोन्ही जबड्यांच्या एकत्रित एक्स-रेमध्ये) ती दिसत नाही आणि सीटी स्कॅनमध्येही ती भरवशाने ओळखता येत नाही. एकेकाळी चकती पाहायची तर सांध्यात सुईने रंगद्रव्य सोडून आर्थ्रोग्राफी करावी लागे, आणि ती वेदनादायक असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून एमआरआयमुळे ही गरज जवळपास संपली. सुई न टोचता आणि क्षकिरणांशिवाय चकतीची जागा, तिचा आकार, सांध्यातील द्रव आणि हाडाच्या आतील मज्जा एकाच तपासणीत दिसू लागली.

असे असूनही पुष्कळदा हा एमआरआय वाया जातो. त्याला यंत्र क्वचितच कारणीभूत असते. प्रश्न न ठरवता चिठ्ठी लिहिली जाते, तोंड पुरेसे न उघडता प्रतिमा घेतल्या जातात, आणि रुग्णाला न तपासता अहवालावरून उपचार ठरवले जातात. पुढील मांडणी प्रामुख्याने दंतवैद्य, कनिष्ठ रेडिओलॉजिस्ट आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. तथापि ज्यांना हा एमआरआय सांगितला गेला आहे, अशा रुग्णांनाही तयारीचा आणि अहवालाचा भाग उपयोगी पडेल.

आधी सांधा डोळ्यांसमोर आणावा

बाजूने छेद घेतला तर चकती आडव्या ठेवलेल्या डमरूसारखी दिसते: पुढे एक जाड पट्टा, मागे त्याहून जाड पट्टा आणि मध्ये पातळ भाग. चकतीमुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. तोंड उघडताना सुरुवातीला कॉन्डाईल मुख्यतः खालच्या कप्प्यात जागच्या जागी फिरते आणि त्यानंतर चकतीसह वरच्या कप्प्यातून पुढे, खोबणीच्या पुढच्या उंचवट्याच्या खाली सरकते. चकतीच्या मागे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला मऊ भाग असतो. चकती पुढे सरकली की कॉन्डाईलचा दाब या मऊ भागावर पडू लागतो, आणि काही रुग्णांच्या वेदनेचे कारण तेथे असते. चकतीच्या पुढच्या बाजूस लॅटरल टेरिगॉइड स्नायूचा वरचा भाग येऊन मिळतो. प्रतिमा वाचताना फसगत होण्याचे हे एक ठिकाण आहे, म्हणून ते आत्ताच लक्षात ठेवावे.

पायरी पहिली: एमआरआयपूर्वी रुग्ण तपासावा

पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या कडांमधील अंतर पट्टीने मोजावे. त्यात वरचे दात खालच्या दातांवर जितके येतात तितके मिलिमीटर मिळवावेत. ही बेरीज ४० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड कमी उघडते असे धरतात. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात का, ही घरगुती चाचणी अंदाजासाठी ठीक आहे. नोंदीत मात्र मिलिमीटरच लिहावेत, कारण उपचारानंतर तुलना त्याच आकड्याशी करावी लागते. मोजमाप तीन प्रकारे घ्यावे: वेदनेशिवाय रुग्ण स्वतः किती उघडतो, वेदना सोसून किती उघडतो, आणि वैद्याने हलका जोर दिल्यावर किती उघडते.

त्यानंतर हनुवटी कोणत्या मार्गाने सरकते ते पाहावे. तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाऊन पुन्हा मध्यावर आली आणि त्याच क्षणी ‘कट्’ असा आवाज झाला, तर चकती पुढे सरकलेली असून तोंड उघडताना ती जागेवर येत असावी. हनुवटी एका बाजूला जाऊन तेथेच राहिली, तोंड कमी उघडले आणि पूर्वी येणारा आवाज अचानक बंद झाला असे रुग्ण सांगत असेल, तर चकती जागेवर येण्याचे थांबले असण्याची शक्यता मोठी. वाळूवर पाय घासल्यासारखी करकर ऐकू येत असेल तर हाडाच्या पृष्ठभागाची झीज मनात आणावी. शेवटी गालाचा मॅसेटर आणि कानशिलाचा टेम्पोरालिस हे स्नायू दाबून पाहावेत आणि ‘रोज दुखते ते हेच दुखणे का?’ असे स्पष्ट विचारावे. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे स्नायूंचे असते आणि त्यासाठी एमआरआयची गरज नसते.

या तपासणीची एक आंतरराष्ट्रीय पद्धत २०१४ साली प्रसिद्ध झाली असून ती ‘डीसी/टीएमडी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यातील आकडे एमआरआय कधी सांगावा हे ठरवताना फार उपयोगी पडतात. चकती सरकलेली असून जागेवर येत नाही आणि तोंडही कमी उघडते, हे निदान केवळ हातांनी तपासून केले तर त्याची संवेदनशीलता (विकार असलेल्यांपैकी ओळखले जाणाऱ्यांचे प्रमाण) ०.८० आणि विशिष्टता (विकार नसलेल्यांपैकी तसे ओळखले जाणाऱ्यांचे प्रमाण) ०.९७ आहे, म्हणजे येथे अनुभवी वैद्याची तपासणी जवळपास पुरेशी आहे. परंतु चकती सरकून पुन्हा जागेवर येणाऱ्या प्रकारात हाताच्या तपासणीची संवेदनशीलता फक्त ०.३४ आहे, म्हणजे असे बरेच सांधे हातून निसटतात. ते निसटल्याने किती नुकसान होते, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘फारसे नाही’ असे असते.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट प्रथम पाहावी लागते. तोंड उघडत नाही म्हणून आलेल्या रुग्णाच्या गालाची आतली बाजू आधी बोटाने चाचपावी. गुटखा, खर्रा, मावा किंवा नुसती सुपारी दीर्घकाळ चघळणाऱ्यांमध्ये ओरल सबम्यूकस फायब्रोसिस होतो: गालाच्या आत घट्ट पट्टे तयार होतात, त्वचा फिकी पडते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू बंद होत जाते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरीही असे रुग्ण येतच असतात. या आजारात सांधा बहुधा निर्दोष असतो, आणि एमआरआयवर खर्च करण्यापेक्षा सुपारी सोडवणे व तोंडातील एखादा संशयास्पद चट्टा वेळीच तपासणे कितीतरी अधिक महत्त्वाचे असते. त्याचप्रमाणे अक्कलदाढेभोवतीचा पू, लहानपणी हनुवटीवर पडल्यानंतर सांधा हाडाने जुळून येणे, अलीकडे झालेले फ्रॅक्चर या कारणांचाही विचार करावा. हाडाने जुळलेल्या सांध्यासाठी आणि फ्रॅक्चरसाठी पहिली तपासणी सीटीचीच असावी.

काही लक्षणे दिसली तर नेहमीचा क्रम सोडून घाई करावी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, आणि चावताना जबडा थकून दुखणे व थांबल्यावर बरे वाटणे, ही जोडी कानशिलाच्या रोहिणीच्या दाहाची असू शकते. त्यात दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दिवशी ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या करून फिजिशियनकडे पाठवावे. हनुवटी किंवा ओठ बधिर होणे, कानापुढे वाढत जाणारी गाठ, ताप, वजन घटणे या लक्षणांतही वाट पाहू नये.

पायरी दुसरी: एमआरआय हवा की नको, हे ठरवावे

निर्णयाची कसोटी एकच ठेवावी: प्रतिमेतून जे कळेल त्याने उपचार बदलणार आहे का? तोंड अडकून काही आठवडे झाले, मऊ आहार, शेक, व्यायाम आणि औषधांनी फरक पडला नाही, आणि आता सांधा धुण्याचा (सुईने द्रव सोडून तो आतून स्वच्छ करण्याचा) किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, अशा वेळी एमआरआय अवश्य करावा. दातांची ठेवण अलीकडे बदलली असेल, चेहरा एका बाजूला झुकू लागला असेल, संधिवात असेल, गाठीची शंका असेल, किंवा हाताच्या तपासणीतून निदानच जुळत नसेल, तरीही तो योग्य आहे. उलट वेदना नसलेला ‘कट्’ आवाज, केवळ स्नायूंचे दुखणे, किंवा दातांना तारा लावण्यापूर्वी ‘एकदा पाहून घेऊ’ ही कारणे पुरेशी नाहीत.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. लहान मुलांच्या संधिवातात, म्हणजे जुवेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिसमध्ये, जबड्याचा सांधा न दुखताच झिजू शकतो. मूल तक्रार करत नाही, पण कॉन्डाईलची वाढ खुंटते आणि हनुवटी मागे राहते. अशा मुलांमध्ये लक्षणांची वाट न पाहता संधिवाततज्ज्ञांच्या सल्ल्याने एमआरआय करणे रास्त ठरते.

पायरी तिसरी: चिठ्ठीत काय लिहावे

‘एमआरआय फेस’ किंवा ‘एमआरआय ब्रेन’ असे कधीही लिहू नये. त्या तपासणीत सांध्याचे छेद जाड येतात आणि चकती ओळखता येत नाही. ‘दोन्ही बाजूंच्या टीएमजेचा (म्हणजे जबड्याच्या सांध्याचा) एमआरआय, तोंड मिटलेले आणि पूर्ण उघडलेले, अशा दोन्ही स्थितींत’ असे स्पष्ट लिहावे. एकच बाजू दुखत असली तरी दोन्ही बाजू घ्याव्यात, कारण खालचा जबडा हे एकच हाड आहे आणि एका सांध्यातील बिघाडाचा परिणाम दुसऱ्यावर होतो. त्याखाली तक्रार किती काळाची आहे, मोजलेले उघडणे किती मिलिमीटर आहे, आवाज कोणत्या बाजूला आहे, पूर्वी सांध्यावर काही उपचार झाला आहे का, आणि आपला नेमका प्रश्न कोणता, हे चार-पाच ओळींत लिहावे. ‘उजवा सांधा तीन महिन्यांपासून अडकतो, उघडणे २६ मिलिमीटर, चकती जागेवर येते का आणि सांध्यात द्रव आहे का?’ अशी ओळ रेडिओलॉजिस्टला पानभर इतिहासापेक्षा अधिक उपयोगी पडते. लहान शहरातील केंद्रात ही तपासणी क्वचित होत असेल, तर तंत्रज्ञाशी आधी फोनवर बोलून घ्यावे. त्या पाच मिनिटांमुळे पुन्हा तपासणी करण्याची वेळ टळते.

पायरी चौथी: रुग्णाची तयारी

एमआरआयचे चुंबकीय क्षेत्र यंत्र वापरात नसतानाही चालूच असते, म्हणून सुरक्षेची प्रश्नावली उरकून टाकायची बाब नव्हे. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीची क्लिप, कानातील कॉक्लियर इम्प्लांट, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा यांची विचारपूस करावी. वेल्डिंग किंवा लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात कधी कण गेला होता का, हे मुद्दाम विचारावे. शंका असल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढावा. मंगळसूत्र, नथ, कर्णफुले, केसांतील पिना, कमरेचा करगोटा, बांधलेला ताईत, पायातील जोडवी हे सर्व काढावे लागते. जोडवी वर्षानुवर्षे न काढल्याने घट्ट बसलेली असतात, म्हणून ती घरीच साबणाच्या पाण्याने सैल करून यावे. काढता येणारी कवळी बाहेर ठेवावी. चुंबकाने बसणारी कवळी तर विसरून चालणारच नाही.

दातांतील धातूचा प्रश्न सुरक्षेपेक्षा प्रतिमेच्या दर्जाचा असतो. चांदीचे फिलिंग आणि टायटॅनियमचे इम्प्लांट सांध्यापासून दूर असल्याने सहसा फारसा अडथळा आणत नाहीत. पोलादी तारा आणि ब्रॅकेट मात्र प्रतिमा विस्कटू शकतात. तार काढता येण्याजोगी असेल तर ती तपासणीपुरती काढून घ्यावी, आणि तसा निर्णय ऑर्थोडॉन्टिस्टशी बोलूनच घ्यावा.

रंगद्रव्याविना होणाऱ्या तपासणीसाठी उपाशी राहण्याचे कारण नाही. गरोदरपणात तातडी नसेल तर ही तपासणी पुढे ढकलावी आणि गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचे रंगद्रव्य टाळावे. बंद जागेची भीती असणाऱ्याने ते आधीच सांगावे. प्रत्येक रुग्णाने आदल्या दिवशी घरी एक सराव करावा: पाठीवर झोपून, तोंड शक्य तितके उघडे ठेवून, न हलता काही मिनिटे नाकाने श्वास घेणे. लाळ गिळण्याची इच्छा अनावर होते आणि नेमक्या त्याच क्षणी प्रतिमा हलते. सराव असला की ती वेळ निभावून नेता येते.

पायरी पाचवी: प्रतिमा घेणे

१.५ किंवा ३ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) यंत्र यासाठी योग्य आहे. सांधा लहान असल्यामुळे दोन्ही कानांपुढे ठेवायच्या छोट्या सरफेस कॉइल (संकेत टिपणारी वेटोळी) वापरल्या तर चकतीच्या कडा स्पष्ट येतात. त्या नसतील तर अनेक चॅनेलची हेड कॉइल चालते. रुग्ण उताणा असावा आणि डोके उशांनी स्थिर करावे.

मिटलेल्या तोंडाच्या प्रतिमा घेताना मागच्या दाढा नेहमीप्रमाणे एकमेकींवर टेकलेल्या असल्या पाहिजेत. ओठ मिटलेले पण दात सुटलेले, अशी स्थिती पुष्कळ रुग्ण नकळत घेतात, आणि मग कॉन्डाईल थोडे पुढे येऊन चकतीचे नाते बदलल्यासारखे दिसते. तंत्रज्ञाने प्रत्येक मालिकेपूर्वी, म्हणजे एका प्रकारच्या प्रतिमांच्या संचापूर्वी, ‘दाढा एकमेकींवर टेकवा, पण आवळू नका’ असे सांगावे.

पहिल्यांदा आडवे छेद घेऊन दोन्ही कॉन्डाईलचा लांब अक्ष शोधावा. हा अक्ष सरळ आडवा नसतो. त्याचे आतले टोक मागे झुकलेले असते आणि हा झुकाव माणसागणिक, तसेच उजव्या-डाव्या बाजूलाही वेगळा असतो. म्हणून उभे सॅजिटल (बाजूने पाहिल्यासारखे) छेद त्या त्या बाजूच्या अक्षाला काटकोनात आणि कोरोनल (समोरून पाहिल्यासारखे) छेद अक्षाला समांतर, असे प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्र बसवावेत. शरीराच्या मध्यरेषेला समांतर असे सरळ सॅजिटल छेद घेणे ही या तपासणीतील सर्वांत नेहमीची चूक आहे, कारण त्यात कॉन्डाईल तिरके कापले जाते आणि चकतीची जागा फसवी दिसते. छेदाची जाडी ३ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असावी आणि सांध्याचे आतले व बाहेरचे दोन्ही टोक छेदांत आले पाहिजेत.

मालिका निवडताना प्रत्येकीचे काम लक्षात घ्यावे; प्रोटॉन डेन्सिटी, टी१ आणि टी२ हे प्रतिमांचे वेगवेगळे प्रकार आहेत. मिटलेल्या आणि उघडलेल्या तोंडात प्रोटॉन डेन्सिटीचे सॅजिटल छेद घ्यावेत, कारण चकती त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. चरबी दाबलेल्या टी२ सॅजिटल छेदात द्रव, मज्जेतील सूज आणि दाह चमकतो. टी१ किंवा प्रोटॉन डेन्सिटीचे कोरोनल छेद चकती आत किंवा बाहेर सरकली आहे का ते दाखवतात. शेवटी मोठ्या क्षेत्राची एक आडवी टी२ मालिका जरूर घ्यावी; लाळग्रंथी, कान, मॅस्टॉइड आणि चावण्याचे स्नायू तिच्यात येतात आणि सांध्याबाहेरचे कारण असेल तर तेथे सापडते.

आता उघडलेल्या तोंडाच्या मालिकेकडे वळू, कारण संपूर्ण तपासणीचे यश तिच्यावर अवलंबून असते. तोंड उघडे ठेवण्यासाठी धातूविरहित आधार हवा. खास बनवलेले बाइट ब्लॉक मिळतात; ते नसतील तेथे सुई काढून टाकलेली प्लॅस्टिकची सिरिंज योग्य मापाची निवडून, स्वच्छ करून, गॉजमध्ये गुंडाळून वापरतात. आधार दातांमधून निसटून घशाकडे जाऊ नये म्हणून त्याला दोरा बांधून बाहेर चिकटवावा. उघडणे रुग्णाला सोसेल तितके, पण त्याच्या कमाल मर्यादेच्या जवळ असावे, आणि ते किती मिलिमीटर होते हे तंत्रज्ञाने लिहून ठेवावे. दवाखान्यात ४२ मिलिमीटर उघडणाऱ्या रुग्णाच्या तोंडात २० मिलिमीटरचा आधार ठेवून घेतलेल्या प्रतिमेवरून ‘चकती जागेवर येत नाही’ असा निष्कर्ष काढणे सर्वथा अयोग्य आहे. अशा वेळी चकती जागेवर येण्याइतके तोंड उघडलेच नव्हते, एवढेच म्हणता येते. ही मालिका शेवटाकडे आणि शक्य तितकी कमी वेळाची ठेवावी. रुग्णाच्या हातात सूचना देण्याचा फुगा असावा आणि जबडा थकल्यास थांबवता येते हे त्याला आधी सांगावे.

काही केंद्रे टप्प्याटप्प्याने तोंड उघडत जलद प्रतिमा घेऊन त्यांची चित्रफीत बनवतात. सांध्याची हालचाल समजण्यासाठी ती छान असते, पण तिची स्पष्टता कमी असल्याने नेहमीच्या प्रतिमांना ती पर्याय नाही. गॅडोलिनियमची गरज चकतीसाठी नसते. संधिवात, जंतुसंसर्ग किंवा गाठ यांची शंका असेल तरच ते द्यावे आणि त्यापूर्वी मूत्रपिंडांचे कार्य विचारात घ्यावे. ते दिल्यावर प्रतिमा लवकर घ्याव्यात, कारण काही मिनिटांतच रंगद्रव्य सांध्याच्या द्रवात झिरपते आणि सुजलेले अस्तर व साधा द्रव यांतील फरक पुसट होतो.

पायरी सहावी: प्रतिमा वाचणे

वाचायला बसताना आधी दर्जा पाहावा: प्रतिमा हलली आहे का, अक्ष बरोबर धरला आहे का, तोंड किती उघडले होते. दर्जा कमी असेल तर अहवालाच्या पहिल्याच ओळीत तसे लिहावे.

मिटलेल्या तोंडाच्या सॅजिटल छेदात चकती सर्व मालिकांमध्ये काळसर दिसते आणि तिच्या मागचा मऊ भाग उजळ असतो. कॉन्डाईलच्या मुंडीवर घड्याळाची तबकडी कल्पावी, वर १२ आणि चेहऱ्याच्या दिशेला ११. चकतीचा मागचा पट्टा आणि उजळ भाग यांची सीमा साधारण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान असावी, आणि चकतीचा मधला पातळ भाग कॉन्डाईलचा पुढचा-वरचा पृष्ठभाग आणि उंचवट्याचा मागचा-खालचा उतार यांच्या मध्ये असावा. या दोन्ही अटी पाहाव्यात. केवळ १२ वाजण्याच्या खुणेवर भिस्त ठेवली तर अनेक निरोगी सांधे ‘सरकलेले’ ठरतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रतिमा-निकषांतही, सीमा साडेअकराच्या पुढे असेल आणि मधला भागही कॉन्डाईलच्या पुढे गेला असेल, तरच चकती सरकली असे धरले आहे. एकच अट बिघडली असेल तर निष्कर्ष अनिश्चित ठेवला जातो. माझ्या मते हा सावधपणा प्रत्येक अहवालात यायला हवा.

एका छेदावर थांबू नये. चकती बाहेरच्या बाजूस सरकलेली आणि आतल्या बाजूस जागेवर, असे अंशतः सरकणे पुष्कळदा आढळते आणि मधलाच एक छेद पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आडव्या दिशेचे सरकणे कोरोनल छेदात तपासावे. येथेच लॅटरल टेरिगॉइडची सुरुवातीला सांगितलेली अडचण येते: त्या स्नायूचा जाड झालेला काळसर भाग चकतीला समांतर दिसतो आणि दोन चकत्या असल्याचा भास होतो. स्नायूचा धागा पुढे कोठे जातो हे छेदामागून छेद पाहिले की संशय फिटतो.

नंतर त्याच सांध्याची उघडलेल्या तोंडाची प्रतिमा शेजारी ठेवावी. चकतीचा पातळ भाग कॉन्डाईल आणि उंचवटा यांच्या मध्ये येऊन बसला, तर मिटलेल्या तोंडात सरकलेली ती चकती जागेवर येणारी होय; अहवालात याला ‘विथ रिडक्शन’ म्हणतात. चकती कॉन्डाईलच्या पुढेच दबून, दुमडून राहिली तर ती ‘विदाऊट रिडक्शन’. तिसरी शक्यता विसरली जाते: चकती दोन्ही प्रतिमांत वरच्या हाडाला चिकटल्यासारखी त्याच ठिकाणी राहते आणि कॉन्डाईल तिच्याखालून सरकते. चिकटलेल्या चकतीची ही खूण नोंदवणे महत्त्वाचे आहे, कारण मिटलेल्या तोंडात अशी चकती अगदी जागेवर असू शकते. कॉन्डाईल उंचवट्याच्या पुढे गेलेले दिसले तरी लगेच विकार म्हणू नये. पुष्कळ निरोगी लोकांत तसे होते.

द्रवाविषयी थोडक्यात एवढेच, की कप्प्याच्या कोपऱ्यात दिसणारी बारीक उजळ रेघ स्वाभाविक असते, आणि कप्पा फुगवणारा द्रव अर्थपूर्ण असतो. वेदनेशी त्याचा संबंध आढळतो, पण प्रत्येक दुखऱ्या सांध्यात तो सापडतोच असे नाही.

हाडाबाबत अधिक सावध राहावे. कॉन्डाईलचा माथा थोडा चपटा झाला आहे, एवढ्यावरून झिजेचे निदान करू नये. सांधा भाराशी जुळवून घेताना असा बदल होतो. पृष्ठभागाची खरवड, कडेला वाढलेले टोक किंवा पृष्ठभागाखालील पोकळी दिसली तर झीज म्हणावे. सीटीच्या तुलनेत या झिजेसाठी एमआरआयची संवेदनशीलता सुमारे ५९ टक्के आणि ओपीजीची सुमारे २६ टक्के आढळली आहे. म्हणून हाडाचाच प्रश्न असेल तर कोन बीम सीटी (जबड्यासाठी वापरला जाणारा सीटीचा प्रकार) सांगावी. मज्जेत मात्र एमआरआयला तोड नाही: टी१ मध्ये काळी आणि टी२ मध्ये उजळ मज्जा सूज सुचवते, तर दोन्हींत काळी असल्यास हाड घट्ट झाल्याची किंवा रक्तपुरवठा तुटल्याची शंका घ्यावी.

पायरी सातवी: प्रतिमा आणि रुग्ण यांची सांगड

जबड्याची कोणतीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांचे एमआरआय काढले असता सुमारे एक तृतीयांश जणांत चकती सरकलेली आढळली आहे. हे वाक्य प्रत्येक अहवाल वाचणाऱ्याने मनात ठेवावे आणि रुग्णालाही सांगावे, कारण ‘चकती सरकली’ हे शब्द वाचून माणूस घाबरतो, चावायला घाबरू लागतो आणि स्नायू आणखी आखडतात. म्हणूनच अहवालाच्या निष्कर्षात प्रत्येक सांध्याबद्दल मिटलेल्या व उघडलेल्या तोंडातील चकतीची जागा, तिचा आकार, कॉन्डाईलची हालचाल, द्रव, हाड, मज्जा आणि आजूबाजूच्या ऊती असा क्रम ठेवून, शेवटी चिठ्ठीतील प्रश्नाचे थेट उत्तर द्यावे. १९८९ साली विल्क्स यांनी मांडलेल्या, सांध्याच्या बिघाडाच्या पाच अवस्थांचा उल्लेख शल्यविशारदाने मागितल्यास करावा. पण त्या अवस्था प्रतिमेबरोबर लक्षणांवरही आधारलेल्या असल्याने रेडिओलॉजिस्टने एकट्याने आकडा टाकणे योग्य नव्हे.

उपचारांशी सांगड घालताना वेदनारहित, जागेवर येणारी चकती असेल तर समजावून सांगणे पुरेसे असते. वेदना असेल तर मऊ आहार, शेक, व्यायाम, वेदनाशामक आणि गरजेनुसार स्प्लिंट (दातांवर बसवायचे आवरण) यांनी बहुतेकांना उतार पडतो. नुकतीच अडकलेली, जागेवर न येणारी चकती असेल तर हाताने जबडा मोकळा करण्याचा प्रयत्न लवकर करावा, आणि त्याने न भागल्यास सांधा धुण्याचा विचार करावा. जुन्या अडकलेल्या सांध्यातही कालांतराने उघडणे वाढते आणि दुखणे कमी होते, जरी चकती जागेवर परतलेली नसते. उघडी शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. निदान न जुळल्यास मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिन व रेडिओलॉजी विभागाकडे रुग्णाला पाठवता येते.

नोंदी जपणे आणि पुन्हा तपासणी

रुग्णाने फक्त फिल्म आणि छापील अहवाल न घेता सर्व मूळ प्रतिमांची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी. फिल्मवर निवडक छेदच छापलेले असतात आणि अंशतः सरकलेली चकती नेमकी न छापलेल्या छेदात असू शकते. पहिल्या तपासणीच्या वेळी तोंड किती मिलिमीटर उघडले होते, कोणत्या टेस्लाचे यंत्र होते आणि कोणता आधार वापरला होता, हे प्रतीसोबत लिहून ठेवावे. दुसऱ्या केंद्रात गेल्यावर त्याच मापाने तोंड उघडून तुलना करता येते.

उपचाराने बरे वाटत असताना ‘चकती परत गेली का’ हे पाहण्यासाठी एमआरआय पुन्हा करू नये. नव्याने तोंड अडकले, दातांची ठेवण बदलू लागली, शस्त्रक्रिया ठरली, किंवा मुलाच्या संधिवाताचे औषध बदलायचे आहे, अशा वेळी तो करावा, आणि तेव्हा जुन्या प्रतिमांची प्रत नव्या रेडिओलॉजिस्टच्या हाती तपासणीच्या आधी द्यावी.